मिस्टरांना विचारून सांगते

पिंपरी पेंढार, ता. जुन्नर
१२ जानेवारी २०२५

मा. सहायक संकलक,
ग्रामबोली शब्दसंग्रह प्रकल्प, पुणे
यांस सप्रेम नमस्कार.

आपलं छापील पत्रक पोहोचलं. निवृत्त भाषाशिक्षकांची यादी तुमच्या कार्यालयाला कुठून मिळाली माहीत नाही, पण तीत माझं नाव असणारच. घोडेगावच्या शाळेत बावीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं आणि गेल्या मे महिन्यात सुटले. पत्रकाच्या सुरुवातीला 'आदरणीय गुरुजी / बाई' असं छापलंय, त्यातलं 'गुरुजी' निळ्या पेनानं खोडलंय आणि खाली त्याच पेनानं सही आहे, 'प्राची चां. कुटे'. पोटच्या पोरीची सही ओळखायला कोश लागत नाही. अडीच वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद. त्यात चाळीस इंग्रजी शब्द आहेत, आणि 'आई' एकदाही नाही.

तू नियमानं लिहिलंस, मीही नियमानंच उत्तर देते. 'ज्याविषयी आपण अधिकाराने सांगू शकाल असा एकच शब्द निवडावा' असं सूचनेत आहे. 'लाइट' आणि 'मोटर' यांवर गावात माझ्यापेक्षा जास्त अधिकारी माणसं आहेत. 'टाइमपास'वर तर गावच्या पारावर पंधरा-वीस जण रोज अभ्यास करतात. मी सत्तावीस नंबरचा शब्द घेते. मिस्टर.

अर्थ : नवरा. वचन नेहमी अनेक. 'मिस्टर आला' असं कुणी म्हणत नाही, 'मिस्टर आलेत' म्हणतात. शब्द साहेबाचा घेतला, पण मान आपल्या पद्धतीनं दिला.

कोण वापरतं : आधी नोकरीवाल्या बायका, मग त्यांचं ऐकून बाकीच्या. आमच्या आळीत हा शब्द अठ्ठ्याऐंशी साली आला. मीच आणला, कारण त्या साली मी लग्न होऊन इथं आले. त्याआधी माझ्या सासूबाई, म्हणजे तुझी आजी प्रयागबाई, 'धनी' म्हणायच्या. शेजारच्या बयाबाई 'मालक' म्हणतात. त्यांचं वय आता पंच्याऐंशी आहे. तुमच्या पत्रकात 'वयस्कर भाषकांची मुलाखत' असा रकाना आहे म्हणून काल मुद्दाम जाऊन विचारलं. जसं बोलल्या तसं लिहिते.

"आमी मालक म्हणायचो. आन् त्येच्या आदी काईच म्हणत न्हवतो. लगीन झाल्यावर धा वर्सं मी त्येला 'आवं' बी म्हनले न्हाई. भाकरी झाली की ताटली वाजवायची. समजायचं त्येला."

नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे मूळ. म्हणून मग धनी, मालक, कारभारी, आमचे हे, पोरांचे पप्पा आणि शेवटी मिस्टर. बयाबाईंच्या मालकांचं नाव गणपत. रेशनकार्ड लिहायला आलेल्या माणसानं नाव विचारलं, तेव्हा या म्हणाल्या, "लेण्याद्रीला डोंगरात कोन बसलंय, तेच." तो माणूस बाहेरगावचा. त्याला लेण्याद्रीची बौद्ध लेणी माहीत होती, त्यातला गणपती माहीत नव्हता. त्यानं लिहिलं गौतम. पुढं अकरा वर्षं गणपतरावांनी गौतम या नावानं साखर उचलली. बयाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. "साखर गोडच व्हती की," म्हणाल्या.

एवढ्यानं नोंद पूर्ण व्हावी.

कळावे,
रंजना चांगदेव कुटे

ता. क. पप्पा बरे आहेत. तू विचारलेलं नाहीस, पत्रकात तसा रकानाही नाही.


पिंपरी पेंढार
२ फेब्रुवारी २०२५

मा. सहायक संकलक यांस,

उत्तर मिळालं. 'नोंद उपयुक्त आहे. व्युत्पत्ती व वापराचे प्रसंग अधिक सविस्तर हवेत.' हेही छापीलच. तुमच्या कार्यालयात बहुतेक सगळ्यांच्या आयांना एकच मजकूर जातो.

व्युत्पत्तीसाठी शाळेच्या ग्रंथालयातून मोठा शब्दकोश आणवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. 'मिस्टर' हा वेगळा शब्दच नाही, 'मास्टर' बोलून बोलून झिजला आणि त्याचा मिस्टर झाला. आणि मास्टर म्हणजे मालक. धनी. त्याच्याही मागं लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ मोठा, वरचा. त्याच मुळातून पोर्तुगिजांकडून आपल्याकडं मेस्त्री आला आणि इंग्रजांकडून मास्तर. म्हणजे शाळेतला मास्तर, बांधकामावरचा मेस्त्री आणि माझा नवरा हे एकाच माळेचे मणी निघाले.

आता अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट सांगते. लग्नानंतर आठच दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "बाहेरच्या बाया आल्या की धनी म्हण." मी नाही म्हणाले. बी.ए. झाले होते, इंग्रजी घेऊन. मी कुणाची गडीमाणूस नाही, धनी म्हणणार नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर ऐटीत म्हणाले, "आमचे मिस्टर ड्यूटीवर गेलेत." आळीतल्या बाया माझ्याकडं बघत राहिल्या. सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. आणि आता कळलं की छत्तीस वर्षं मी सासूचाच शब्द म्हणत होते, फक्त बी.ए. करून. त्या असत्या तर पोट धरून हसल्या असत्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती तुमच्या कामाची आहे. इंग्रजीत मिस्टर या शब्दापुढं नाव लागतं, मिस्टर अमुक, मिस्टर तमुक. आपण नाव गाळलं आणि नुसता मिस्टर ठेवला, कारण आपल्याला नावच नको होतं. तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या बायकाही नवऱ्याला नुसतं 'मिस्टर' म्हणायच्या असं कोशात दिलंय, म्हणजे अगदीच एकट्या आपण नाही. पण तिकडं ती गंमत असावी. इकडं ती सोय आहे.

सोय कसली, तेच वापराच्या प्रसंगांत येतं. 'मिस्टर' हा घरातला शब्द नाही. घरात 'अहो' असतं. मिस्टर उंबऱ्यावर वापरायचा, आणि बहुतेक वेळा एकाच वाक्यात : मिस्टरांना विचारून सांगते. विमावाला येतो, साडीवाला येतो, भिशीत नाव घाल म्हणून शेजारीण येते, हेडमास्तर विचारतात, बाई, सहलीबरोबर जाल का. आपल्याला नको असतं आणि तोंडावर नाही म्हणवत नाही. मग मिस्टर. दोन दिवसांनी सांगायचं, मिस्टर नको म्हणाले. समोरचा गप्प बसतो. बाईच्या नाहीवर वाद घालता येतो, मिस्टरांच्या नाहीवर कोण घालणार?

गंमत अशी की मिस्टरांना कुणी विचारतच नाही. निदान मी तरी नाही. छत्तीस वर्षांत खरं विचारलं असेल दोनदा, एकदा या घराच्या स्लॅबच्या वेळी आणि एकदा तुझ्या कॉलेजच्या वेळी, आणि दोन्ही वेळा ते 'बघ तुला पटतं तसं' म्हणाले. बाकी सगळे नकार माझे, त्यांच्या नावावर खपवलेले. एकदा विमावाला त्यांना नारायणगावच्या एस.टी. स्टँडवर भेटला आणि म्हणाला, "काय ड्रायव्हरसाहेब, तुमी बाईंना न्हाई म्हनलात म्हणं." घरी येऊन ते मला विचारत होते, "मी कदी म्हनलो गं न्हाई?" आणि खो खो हसत होते. मीही हसले.

सगळ्याच बायका असं करतात असंही नाही. घोडेगावला पंचायत समितीत प्रतीक्षा होती, माझी डब्याची मैत्रीण, तुला आठवत असेल. ती नवऱ्याला सरळ कपिल म्हणते, आणि कुठं जायचं नसलं की सरळ सांगते, "मला नाही जायचं." आम्ही बाकीच्या म्हणायचो, प्रतीक्षाला बोलायची रीत नाही. ती म्हणायची, "बाई, तुमच्या मिस्टरांवर लई ओझं आहे हो."

एवढं पुरावं.

आपली,
रंजना चां. कुटे

ता. क. गेल्या मे महिन्यात आपल्या तेजस्विनीच्या लग्नात, म्हणजे तुझ्या चुलत्याच्या मुलीच्या लग्नात, तू मांडवात आली होतीस. पप्पा ताट घेऊन तुझ्याकडं चालत आले आणि तू पाठ फिरवलीस. चारशे माणसांत. गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "मी काय केलं गं तिचं?" मी म्हणाले, काही नाही. हा वापराचा प्रसंग नाही, तरी लिहून ठेवते.


पिंपरी पेंढार
२० फेब्रुवारी २०२५

प्राची,

या वेळी छापील कागदाखाली एक ओळ हातानं लिहिलेली आहे. 'कोशात प्रत्येक अर्थाला एक प्रत्यक्ष बोललेले वाक्य लागते. तारीख, स्थळ, बोलणारी, ऐकणारी यांसह द्यावे.'

मी आधी विमावाल्याचं वाक्य लिहिलं होतं. तारीखही घातली होती. मग तो कागद फाडला. तुला कुठलं वाक्य हवंय ते मला कळतं, आणि ते तुला तोंडपाठ आहे हेही कळतं. तरी तू विचारलंस. विचारलंस म्हणून देते.

वाक्य : 'मिस्टरांना विचारून सांगते.'

तारीख : १४ ऑगस्ट २०२२, रविवार, दुपारी साडेतीन. स्थळ : आपली ओटी. बोलणारी : मी. ऐकणारी : तू, चाकणहून, शेजारणीच्या फोनवर, कारण तुझा फोन तुझ्या नवऱ्यानं भिंतीवर आपटून फोडला होता. 

तू म्हणालीस, "आई, मी येऊ का? आजच. मी परत इथं नाही राहणार." एवढंच. रडत नव्हतीस.

माझ्यासमोर आळीतली आरतीवहिनी आणि तिच्या दोघी जावा बसल्या होत्या. पुढच्या रविवारी तुझ्या धाकट्या भावाची, सार्थकची सुपारी फुटायची होती, साड्या कुठून आणायच्या ते चाललं होतं. तिघींचे कान माझ्या फोनकडं. मी जे वाक्य तोंडात तयार असतं ते बोलले. पोटच्या पोरीशी बोलताना मी 'पप्पांना विचारते' म्हणायला हवं होतं. मी 'मिस्टरांना' म्हणाले, म्हणजे फोनवर कुणी परकं आहे असं त्यांना वाटावं. आरतीवहिनीनं विचारलंही, "कोन गं?" मी म्हणाले, "शाळेतलं काम."

तू हे ऐकलंस का ते मला अजून माहीत नाही. फोन तेव्हा कुणी ठेवला होता, तू की मी, हे मला आठवत नाही. मी आठवायचा प्रयत्न केलेला नाही.

चार दिवसांनी, गुरुवारी अठरा तारखेला, मी त्या शेजारणीच्या नंबरवर फोन लावला आणि तुला सांगितलं, पप्पा नको म्हणाले, सार्थकचं होऊ दे, थोडं सांभाळून घे. तू 'बरं' म्हणालीस. त्याच संध्याकाळी तू ते घर सोडून पुण्याला मैत्रिणीकडं गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी सार्थकच्या फोनवर तुझा एक मेसेज आला, 'पप्पांना सांग, आता मला कुणाची परवानगी नको.' मग नंबर बदललास.

बुधवारी सतरा तारखेला तुझा डावा हात मोडला होता, हे मला तेजस्विनीकडून दिवाळीत कळलं. 'बरं' म्हणालीस तेव्हा तो गळ्यात बांधलेला असणार. हात अजून मनगटातून पुरता वळत नाही असं ती सांगते. मी तिला म्हणाले, पप्पांना यातलं काही सांगू नकोस, त्यांना ब्लडप्रेशर आहे.

तुझ्या पत्रकातले सगळे रकाने भरले.

आई


पिंपरी पेंढार
२४ फेब्रुवारी २०२५

प्राची,

मागच्या नोंदीत एक दुरुस्ती आहे. ती करायला मला चार दिवस लागले. चार दिवस लावायची मला सवयच दिसते.

मी विचारलंच नाही.

पप्पांना मी काहीच विचारलं नाही. तू फोन केलास हेच त्यांना माहीत नाही. ते 'नको' कधी म्हणाले नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत काही गेलंच नाही. तो 'नको' माझा होता. सार्थकच्या सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या मामानं पहिलाच प्रश्न विचारला होता, "थोरली नांदती ना?" मी म्हणाले होते, "हो तर." एकदा हो म्हणून बसले होते आणि सात दिवसांवर सुपारी होती. सोयरीक मोडली असती तर सार्थकचं काय, आळीत तोंड कसं दाखवायचं, हे मी त्या ओटीवर बसल्या बसल्या एका मिनिटात ठरवलं. उरलेले चार दिवस मी विचारत नव्हते, विचारल्यासारखं दिसावं म्हणून थांबले होते. विमावाल्याला दोन दिवस पुरतात. तुला मी चार दिले, मोठं काम होतं म्हणून.

मला लाज वाटते. हे वाक्य मी कधी कुणाला लिहिलेलं नाही, बोललेही नाही.

अडीच वर्षं तू त्यांच्यावर रागावलीस ते माझ्या नकारासाठी. मी ते बघत बसले. मांडवात तू पाठ फिरवलीस तेव्हा त्यांच्या हातातल्या ताटात जिलेबी होती, तुला आवडते म्हणून वाढणाऱ्याकडून दोनदा मागून घेतलेली. मी तिथं तीन पावलांवर उभी होते. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. पण मग तू माझ्याकडं पाठ फिरवली असतीस, आणि तुझ्याशी माझा जो काही बारीक धागा होता, तेजस्विनीकडून कळणारा, तोही तुटला असता. मी मला वाचवलं. आता पत्रकाच्या निमित्तानं का होईना तू मला लिहू लागली आहेस, आणि हे वाचल्यावर ते बंद होईल, हे माहीत असून लिहिते आहे.

कोशासाठी : 'मिस्टरांना विचारून सांगते' याचा अर्थ, विचारणार नाही, आणि खरं सांगणारही नाही. हवं तर हा अर्थ क्रमांक दोन म्हणून घाल.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. भीती वाटते. छत्तीस वर्षांत त्यांनी माझ्यावर हात उचलणं सोड, आवाजही चढवला नाही, तरी वाटते.

आई


पिंपरी पेंढार
१५ मार्च २०२५, शनिवार

प्राची,

तीन आठवडे तुझं उत्तर नाही. छापीलही नाही. मी पोस्टमनची वाट बघत नाही असं दाखवते आणि तो दिसला की भांडी घासत असले तरी उठते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. मी सांगितलं तेवढं झालं.

मंगळवारी पप्पांना सांगितलं. वावरात कांदा काढून पडलाय, बायका मिळत नाहीत, म्हणून दोघंच पात कापत बसलो होतो. ते विळा लावून भराभर कापतात, निवृत्त झाल्यापासून त्यांना हेच एक काम आवडतं, म्हणतात यात ब्रेक लागत नाही. मी कापता कापताच सुरुवात केली, म्हणजे त्यांच्या तोंडाकडं बघायला नको. तुझा फोन, आरतीवहिनी, चार दिवस, मी काय सांगितलं, सगळं. विळा चालू होता. हाताचं सांगितलं तेव्हा विळा थांबला.

"कंच्या दिवशी मोडला?"

"बुधवारी."

"तारीख सांग."

"सतरा ऑगस्ट. बावीस साल."

त्यांनी बोटं मोजली. ड्रायव्हरांना ड्यूट्या लक्षात राहतात. मग म्हणाले, "त्या आठवड्यात मी पुन्याच्या गाडीवर व्हतो. जाताना पाच मिंटं, येताना पाच मिंटं चाकणच्या स्टँडात गाडी हुबी राह्यची. तिचं घर काय तिथनं दिसत न्हाई. पन घरामागली पान्याची टाकी दिसती. मी तिकडं बघत चा प्यायचो. म्हनायचो, पोरगी तिथं हाये."

त्यांच्या मिशीला कांद्याची माती लागली होती. मला एकदम फार मोठ्यानं रडू आलं आणि त्यांनी मला रडू दिलं, थांब म्हणाले नाहीत.

मग मी त्यांना विचारलं. खरंच विचारलं, छत्तीस वर्षांत तिसऱ्यांदा.

"अहो, मी तेव्हा विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मला वाटलं होतं, ते म्हणतील, ये म्हनलो असतो. तसं ते म्हणाले असते तर सगळा दोष माझ्या एकटीच्या पदरात पडला असता आणि मी तो घेतला असता. त्यांनी विळा मातीत टेकवला.

"न्हाई म्हनलो असतो," म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पोराचं जमल्यालं व्हतं. मी काय तुझ्याहून येगळा न्हाई. पयल्या दिवशी मी न्हाईच म्हनलो असतो."

आणि परत पात कापायला लागले. चार-पाच कांदे झाले असतील. मान वर न करताच पुढं बोलले.

"पन सोमवारी गाडी चाकणात थांबली असती ना, तवा उतारलो असतो मी. भरल्या गाडीतनं उतारलो असतो. सस्पेंड केला असता तर केला असता."

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. जेवतात, औषध घेतात, टीव्ही लावतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण ते त्यांच्याच्यानं होत नाही. आज संध्याकाळी एवढंच म्हणाले, "पत्ता दे तिचा." तेजस्विनीला फोन करून घेतला आणि कागदावर लिहून दिला. कार्यालयाचा नाही, तू राहतेस त्या खोलीचा. माझ्या हातून कागद घेतला, घडी केली आणि शर्टच्या खिशात ठेवली. मीही येते असं मी म्हणाले नाही. त्यांनी ये म्हटलं नाही, आणि तूही म्हटलेलं नाहीस.

उद्या रविवार, सकाळच्या पहिल्या गाडीनं ते निघतील. हे पत्र त्यांच्याजवळ देते आहे. बेल वाजवायची नाही, आधी पत्र दाराखालून आत सरकवायचं, असं मी सांगितलंय आणि त्यांनी मान हलवली. तू वाचत असशील तेवढा वेळ ते जिन्यात उभे राहतील. बसणार नाहीत, पाय दुखत असले तरी.

आता दार उघडायचं की नाही ते तू ठरव. कुणालाही विचारत बसू नकोस.

आई